क्वार्ट्झच्या चकतीवर रक्ताचा दाटपणा मोजताना आकडा निम्म्यावर का येतो?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी जळगावात ही मांडणी चालू आहे: १० मेगाहर्ट्झची एटी-कट क्वार्ट्झ चकती, दोन्ही बाजूंना सोन्याचे इलेक्ट्रोड, द्रव एकाच बाजूला. ७४एचसी०४ या इन्व्हर्टर चिपवर ऑसिलेटर, मायक्रोकंट्रोलरवर मोजणी, गेट (एका मोजणीचा काळ) एक सेकंदाचा. ब्लॉक ३७ अंशांवर लावलेला आहे. द्रव जितका दाट, तितकी चकतीच्या कंपनांची वारंवारिता जास्त घटते. कोरड्या चकतीपेक्षा ती किती घटते ते खाली देतो:

पाणी: १६९० हर्ट्झ
प्लाझ्मा: २२७० हर्ट्झ
अख्खं रक्त (गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेलं, हिमॅटोक्रिट म्हणजे पेशींचा टक्का ४४): २४०० च्या आसपास, आणि तेही सरकत राहतं

रक्ताची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ४ सेंटीपॉइज आणि घनता १.०६ धरली, तर या दोन्हींवरून घट काढणाऱ्या कानाझावा-गॉर्डनच्या सूत्राप्रमाणे घट ४१५० च्या पुढे यायला हवी. पाणी जागेवर बसतं, प्लाझ्माही बसतो. रक्तालाच काय होतं? ऑसिलेटर दमतो का? आणि दुसरं, दुपारी दोननंतर सगळीच रीडिंग एका बाजूला वाहत जातात.

कातरलाट

ऑसिलेटरवर पुढे बोलू, पण तुमच्या रक्ताच्या आकड्यात त्याचा दोष नाही. आकडा बरोबर आहे. तुम्ही त्याला प्रश्न चुकीचा विचारताय.

एटी-कट चकती आडवी हलते, स्वतःच्या पृष्ठभागाला समांतर. द्रवात ती कातरलाट सोडते आणि ती लाट लगेच विझते. किती खोलवर पोचते हे व्हिस्कॉसिटी, घनता आणि वारंवारिता यांवर ठरतं: व्हिस्कॉसिटीला पाय (π), वारंवारिता आणि घनता यांच्या गुणाकारानं भागा आणि वर्गमूळ घ्या. १० मेगाहर्ट्झला, ३७ अंशांवर, पाण्यात ती खोली सुमारे ०.१५ मायक्रोमीटर येते. प्लाझ्मात ०.१९.

आता तांबडी पेशी बघा. रुंदी ७ ते ८ मायक्रोमीटर, जाडी २ च्या वर. म्हणजे तुमची लाट पहिल्या पेशीपर्यंत पोचायच्या आतच संपते. पृष्ठभागाला चिकटून प्लाझ्माचा जो पातळ थर असतो तेवढाच तिला दिसतो. शेवभाजीच्या वरच्या तर्रीत बोट टेकवून रस्सा किती दाट झालाय ते सांगायला बसावं, तसं हे आहे.

कानाझावा-गॉर्डन सूत्र (१९८५) एकजिनसी द्रवासाठी आहे. पाणी, ग्लिसरॉलचं द्रावण, प्लाझ्मा, सीरम इथवर ते चालतं. रक्त म्हणजे पेशींचा गाळ असलेला द्रव. त्याचे ४ सेंटीपॉइज पेशी एकमेकींवरून घसरताना तयार होतात आणि ते घसरणं चकतीच्या आवाक्याबाहेर आहे. शिवाय ४ हा आकडा जोरात वाहणाऱ्या रक्ताचा. अगदी हळू वाहताना पेशींच्या चवडी लागतात आणि तोच आकडा कित्येक पटींनी चढतो. त्यातला कुठला आकडा हवा, हे आधी ठरवावं लागेल.

रीडिंग सरकतं त्याचं कारणही यातच आहे. चकती आडवी, द्रव वर, पेशी हळूहळू खाली बसतात. त्या पृष्ठभागाला जितक्या टेकतात तितकी घट वाढते. चकती उभी धरा, सरकणं बरंच कमी होईल.

वरणबट्टी

मग जास्त संवेदनशील सेन्सर घ्या ना. पृष्ठभागी ध्वनिलहरींचे येतात, शंभर मेगाहर्ट्झच्या पुढचे. १० मेगाहर्ट्झ फारच जुनाट झालं.

कातरलाट

उलट होईल, भाऊ. वारंवारिता वाढली की खोली घटते. १०० मेगाहर्ट्झला प्लाझ्मात जेमतेम ६० नॅनोमीटर. पेशी आणखी लांब गेली.

दुसरं, पृष्ठभागी लहरींचा साधा प्रकार, म्हणजे रॅले लहर, द्रवात चालतच नाही. तिची हालचाल पृष्ठभागाला उभी असते, त्यामुळे सगळी ऊर्जा द्रवात दाबलहरी होऊन निघून जाते. द्रवासाठी आडव्या हालचालीची लहर लागते: ३६ अंश वाय-कट लिथियम टँटलेट, नाहीतर क्वार्ट्झवर सिलिकाचा थर देऊन बांधलेली लव्ह लहर. पृष्ठभागावर चिकटणारा पदार्थ पकडायला हे सेन्सर उत्तम. अख्ख्या रक्ताच्या दाटपणासाठी नाहीत.

अख्खं रक्तच हवं असेल तर खाली उतरा. २० किलोहर्ट्झचा पिळावर हलणारा दांडा घेतला तर खोली ४ ते ८ मायक्रोमीटर मिळते. तिथे पेशी थोड्या तरी दिसू लागतात. पण त्यापेक्षा शंकू-तबकडीचा व्हिस्कोमीटर घ्या, फेऱ्यांचा वेग बदला आणि वेगागणिक आकडा लिहा. रक्ताला एकच व्हिस्कॉसिटी नसते, त्यामुळे एकच आकडा देणाऱ्या यंत्रावर माझा तरी भरवसा नाही.

पांझरा

पॅथॉलॉजी लॅबच्या बाजूनं दोन गोष्टी.

पहिली, शब्दांचा घोळ. पेशंट म्हणतो ‘रक्त पातळ करायची गोळी’. वॉरफरिन किंवा असिनोकुमारॉल घेतल्यानं रक्ताची व्हिस्कॉसिटी बदलत नाही, गोठायला लागणारा वेळ वाढतो. तो प्रोथ्रॉम्बिन टाइम आणि आयएनआरनं (त्याच वेळेचं नॉर्मलशी काढलेलं प्रमाणित गुणोत्तर) मोजतात. ‘घट्ट रक्त’ ही तक्रार मात्र पॉलिसायथेमियात खरी असते (पेशी वाढलेल्या), किंवा वॉल्डनस्ट्रॉम आणि काही मायलोमा या रक्ताच्या कर्करोगांत (प्लाझ्मातली प्रथिनं वाढलेली). या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि प्रोजेक्टच्या शीर्षकात ‘रक्ताची जाडी’ लिहिलं तर परीक्षक पहिला प्रश्न इथेच टाकतील. यांतल्या प्रथिनांच्या प्रकाराला तुमचा सेन्सर चपखल बसतो. सीरमची व्हिस्कॉसिटी साधारण १.१ ते १.३ असायला हवी तिथे ४ सेंटीपॉइजच्या पुढे गेली, की लक्षणं दिसायला लागतात. इतका मोठा फरक चकती सहज पकडेल.

दुसरी गोष्ट ट्यूबची. व्हिस्कॉसिटीसाठी जांभळ्या बुचाची ईडीटीएच घ्या. फिकट निळी सायट्रेटची घेऊ नका. तिच्यात २.७ मिली रक्ताला ०.३ मिली द्रव सायट्रेट असतं. हिमॅटोक्रिट ४५ असेल तर त्या रक्तात प्लाझ्मा साधारण १.४९ मिली. सायट्रेट पेशींत शिरत नाही, सगळं प्लाझ्मातच मिसळतं. म्हणजे वर आलेल्या द्रवातला जवळजवळ १७ टक्के भाग सायट्रेटचाच, आणि व्हिस्कॉसिटी खोटी खाली येते. हिमॅटोक्रिट जितका जास्त तितका हा घोळ मोठा. गोठण्याची चाचणी करायची तेव्हा मात्र सायट्रेटशिवाय पर्याय नाही.

सेंट्रिफ्यूज १५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट), १५ मिनिटं. आपल्याकडच्या लहान मशिनवर नुसते फेरे लिहिलेले असतात. त्रिज्या १० सेंमी असेल तर ३५०० फेऱ्यांना सुमारे १३७० जी मिळतात, म्हणून ३७०० ठेवा. वरचा प्लाझ्मा घेताना पांढऱ्या थरापासून अर्धा सेंमी वर थांबा. फ्रिजमध्ये ठेवू नका, काही प्रथिनं थंडीत साकळतात. ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे २० ते २५ अंश, मे महिन्यातली भुसावळची खोली नव्हे.

गिरणाकाठ

हे बठ्ठं डोक्यात बसलं. म्हणजे अख्खं रक्त सोडायचं आणि प्लाझ्मावर यायचं. पण प्लाझ्माचा आकडा तरी खरा का? २२७० वरून गणित केलं तर १.२३ सेंटीपॉइज येतं, छान दिसतं.

कातरलाट

छान दिसतं, पण तपासा. प्लाझ्मा ओतला की सोन्यावर प्रथिनं चिकटतात, त्यात फायब्रिनोजेन (गोठताना ज्याचं फायब्रिन होतं ते प्रथिन) पुढे. चिकटलेल्या वजनानंसुद्धा वारंवारिता घटते. हा झाउअरब्रेचा परिणाम (१९५९). १० मेगाहर्ट्झला दर चौरस सेंमी ४.४ नॅनोग्रॅमला १ हर्ट्झ. तुमच्या २२७० मध्ये व्हिस्कॉसिटीचा वाटा किती आणि वजनाचा किती, हे एकट्या वारंवारितेवरून सांगता येणार नाही.

त्यासाठी शिखराची रुंदी मोजा. चकतीच्या अनुनादाचं शिखर द्रवात रुंद होतं. साध्या द्रवात अर्ध्या रुंदीतली वाढ वारंवारितेतल्या घटीइतकीच असते, हर्ट्झला हर्ट्झ. घट्ट चिकटलेलं वजन वारंवारिता खाली ओढतं, रुंदीला हात लावत नाही. म्हणून व्हिस्कॉसिटी रुंदीवरून काढायची, आणि घट उणे रुंदी जे उरेल ते वजन.

रुंदी ऑसिलेटरवर दिसत नाही. नॅनोव्हीएनए घ्या (वारंवारिता बदलत जाऊन प्रतिसाद मोजणारा छोटा नेटवर्क ॲनालायझर), काही हजारांत मिळतो. जोडणी अशी: द्रवाकडचा इलेक्ट्रोड ग्राउंडला, म्हणजे कोॲक्सच्या जाळीला. कोरड्या बाजूचा इलेक्ट्रोड मधल्या तारेला. हे उलटं झालं तर खारट, विद्युतवाहक द्रवातून वीज कडेनं वाहते आणि घटीत खोटी भर पडते. मोजायचं ते परावर्तन, पोर्ट एकवर. चकतीच्या जागेपर्यंत ओपन-शॉर्ट-लोडचं कॅलिब्रेशन करा. १० मेगाहर्ट्झच्या आसपास ३० किलोहर्ट्झची खिडकी, १०१ बिंदू, म्हणजे पावलं ३०० हर्ट्झची. पाण्यात शिखराची पूर्ण रुंदी ३.३ किलोहर्ट्झ असते, त्यामुळे शिखरावर दहा-अकरा बिंदू पडतात. डेटा संगणकावर घेऊन कंडक्टन्सला लॉरेन्झ वक्र बसवा, मग काही हर्ट्झपर्यंत अचूकता मिळते. फेज शून्य होण्याची जागा पकडू नका. चकतीची स्वतःची आणि धारकाची धारिता ती जागा सरकवते. तुमचा ७४एचसी०४ नेमकं तेच करतो. द्रव घट्ट झाला की चकतीचा रोध शेकडो ओहमवर जातो, ऑसिलेटर अनुनादाच्या शिखरावरून बाजूला घसरतो आणि शेवटी बंद पडतो.

यंत्र अर्धा तास आधी चालू करून ठेवा. त्याचं घड्याळ दहा लाखात एक भाग सरकलं तरी तुमचे १० हर्ट्झ गेले. रुंदीवर घड्याळाचा परिणाम होत नाही, तोही एक फायदा.

मेहरूण

दुपारच्या वाहण्याबद्दल कोणी बोललं नाही. तुमच्या ब्लॉकला फक्त हीटर आहे का? असेल तर दुपारी तो ३७ वर राहूच शकत नाही. खोली ४२-४३ वर गेली की कंट्रोलर हीटर बंद करून हात जोडून बसतो आणि ब्लॉक खोलीबरोबर चढतो. डिस्प्लेवर ‘सेट ३७’ दिसतं, त्याच्या शेजारचा खरा आकडा बघा.

पाण्याची व्हिस्कॉसिटी या पट्ट्यात अंशाला जवळपास २ टक्के घटते. वर्गमुळामुळे सेन्सरवर त्याचा निम्मा परिणाम: पाण्यात अंशाला १६-१७ हर्ट्झ, प्लाझ्मात २० च्या पुढे. पाच अंश चढले तर शंभर हर्ट्झ गेले, म्हणजे व्हिस्कॉसिटीत १० टक्के चूक. एवढ्यानं एखाद्याचा बिघडलेला प्लाझ्मा नॉर्मल दिसेल.

उपाय दोन. एसीच्या खोलीत २६ अंशांवर मांडा, मग नुसता हीटर पुरतो. ब्लॉक आणि खोली यांत किमान सात-आठ अंशांचं अंतर हवं. नाहीतर पेल्टियर (विजेची दिशा बदलली की तापवणारी किंवा थंड करणारी पट्टी) लावा, १२७०६ क्रमांकाची चालेल, पण दोन्ही दिशांना वीज देणाऱ्या एच-ब्रिजवर. गरम बाजूला पंख्यासकट मोठा हीटसिंक हवा. तापमापक ब्लॉकमध्ये चकतीपासून ५ मिमीच्या आत, भोकात थर्मल पेस्ट भरून. ब्लॉकच्या बाहेर टेपनं चिकटवलेला सेन्सर ब्लॉक सोडून खोली मोजतो. नमुना आणि पिपेटची टोकंही ब्लॉकवर दहा मिनिटं ठेवा. वाळ्याच्या कूलरसमोर मांडू नका, झोत आणि मोटरचा गोंगाट दोन्ही सिग्नलमध्ये उतरतात.

आणि झाकण ठेवा. आपल्याकडची उन्हाळ्यातली हवा इतकी कोरडी की १०० मायक्रोलिटरचा थेंब बघता बघता आटतो. थेंब आटला की प्रथिनं घट्ट होतात आणि द्रवाची उंचीही बदलते. चकती थोडीशी उभीही हलते, त्यामुळे तिच्यातून दाबलहरी निघून द्रवाच्या वरच्या पातळीवरून परत येतात. १० मेगाहर्ट्झला पाण्यात अर्धी तरंगलांबी ७६ मायक्रोमीटर. पातळी तेवढी खाली गेली की रीडिंगची एक लाट पूर्ण. आलेखात संथ, नियमित लाटा दिसल्या तर समजा द्रव उडतोय. झाकणाची काच किंचित तिरपी बसवली की त्या लाटा मोडतात.

सातपुड्याचा_पोर

नंदुरबारकडून प्रश्न. इकडे सिकल सेलचं प्रमाण मोठं आहे, २०२३ च्या जुलैपासून केंद्राचं मिशनही चालू आहे. सिकलचं रक्त ऑक्सिजन कमी झाला की घट्ट होतं म्हणतात. धडगाव-अक्कलकुव्यात तपासणीला हा सेन्सर नेता येईल का?

पांझरा

तपासणीसाठी नको, भाऊ. ऑक्सिजन गेला की हिमोग्लोबिन एस पेशीच्या आत साखळ्या धरतं आणि पेशी कडक होते. जे घडतं ते पेशीच्या आत, आणि चकती पेशीपर्यंत पोचत नाही हे वर आलंच आहे. पेशी फोडून द्रावण ठेवलं तर काहीतरी दिसेल, पण मग विद्राव्यता चाचणी काय वाईट? सॅपोनिन, डायथायोनाइट, फॉस्फेट बफर. नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. वीज लागत नाही. वाहक आणि रुग्ण यांतला फरक त्यात कळत नाही, त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावीच लागते. सेन्सरही तो फरक सांगणार नाही.

सातपुड्याचा_पोर

समजलं. आठे विजेचीच बोंब शे, म्हणून विचारलं.

वरणबट्टी

गोठण्यासाठी तरी चकती चालते का? की तेही मोडीत काढताय?

कातरलाट

चालते, आणि माझ्या मते हाच तिचा खरा उपयोग. फायब्रिनचं जाळं पृष्ठभागावरच विणलं जातं, ते पेशींसारखं लांब राहत नाही. पद्धत नेहमीच्या प्रोथ्रॉम्बिन टाइमचीच: ३७ अंशांवर सायट्रेट प्लाझ्मा एक भाग, कॅल्शियमसह थ्रॉम्बोप्लास्टिन (गोठणं सुरू करणारा अभिकर्मक) दोन भाग. चकतीवर ५० मायक्रोलिटर प्लाझ्मा, वर १०० मायक्रोलिटर गरम अभिकर्मक, पिपेटनं एकदाच ढवळा. पहिले दोन-तीन सेकंद रीडिंग उडतं, ते सोडून द्या. मग सपाट, मग घट सुरू होते. उतार जिथे एकदम बदलतो ती वेळ नोंदवा.

इथे नॅनोव्हीएनए हळू पडतो. नॉर्मल वेळ ११ ते १४ सेकंद आणि एका फेरीलाच सेकंदभर गेला तर काय उरलं? त्यामुळे तुमचा ऑसिलेटर फेकू नका, त्याची जागा इथे आहे. फक्त एक सेकंदाचा गेट काढा. ०.१ सेकंदाच्या गेटला पायरी १० हर्ट्झची पडते, म्हणून ठरावीक संख्येच्या लहरींना किती वेळ लागला ते मोजणारी उलटी मोजणी वापरा.

मिळालेला वेळ थेट आयएनआरमध्ये टाकू नका. अभिकर्मकाच्या डबीवरचा आयएसआय (त्याची संवेदनशीलता सांगणारा, आयएनआरच्या गणितात लागणारा आकडा) ज्या यंत्रासाठी दिलेला असतो, तुमचं यंत्र ते नाही. निदान वीस-तीस नमुने लॅबच्या यंत्राशी ताडून बघा.

गिरणाकाठ

नॅनोव्हीएनए लावला. ब्लॉक एसीच्या खोलीत नेला, चकती उभी. आज:

पाणी: घट १६९०, अर्ध्या रुंदीतली वाढ १६७०
प्लाझ्मा: घट २२७०, रुंदी २१५०

पाण्याच्या रुंदीशी गुणोत्तर काढून वर्ग केला, त्याला पाण्याची ३७ अंशांवरची व्हिस्कॉसिटी ०.६९ आणि घनता ०.९९३ नं गुणलं, प्लाझ्माच्या घनतेनं (१.०२५) भागलं. १.११ सेंटीपॉइज. आधीचे १.२३ म्हणजे १० टक्क्यांनी जास्त होते. उरलेले १२० हर्ट्झ वजनाचे, म्हणजे चौरस सेंमीला सुमारे ५३० नॅनोग्रॅम. प्रथिनांच्या थरासाठी हे बरोबर वाटतं का?

कातरलाट

ओल्या थरासाठी पटण्यासारखं आहे. पाण्यातले २० मात्र बघा. गुळगुळीत सोन्यावर तेवढाही फरक नसावा. पृष्ठभाग खरबडीत असेल तर खाचांत अडकलेलं पाणी वजनासारखं वागतं. ओ-रिंग जास्त आवळलीय का तेही तपासा: कोरडी असताना अर्धी रुंदी १५० हर्ट्झच्या वर असेल तर स्क्रू सैल करा. चारही स्क्रू आडव्या-तिडव्या क्रमानं, थोडे थोडे.

पाण्यावर एका बिंदूचं कॅलिब्रेशन पुरेसं नाही. वजनानं १०, २०, ३० आणि ४० टक्के ग्लिसरॉलची द्रावणं करा. तापमानाची किंमत इथेच कळेल: ४० टक्क्यांचं द्रावण २० अंशांना ३.७२ सेंटीपॉइज, ३० ला २.७२, ४० ला २.०७. तक्ता कुठल्या अंशाचा ते बघूनच आकडा घ्या. मिश्रण आकारमानानं करू नका, ग्लिसरॉल पिपेटच्या आत चिकटून राहतं. तराजूवरच करा.

आणि परीक्षकांना वरची पेशींची गोष्ट दाखवायची असेल तर रक्त लागत नाही. बेकरीचं यीस्ट सलाइनमध्ये कालवा, चांगलं दाट. काचेच्या केशनळीच्या व्हिस्कोमीटरमधून ते रखडत उतरेल, उभ्या चकतीवर साध्या सलाइनपेक्षा फरक अगदी थोडा दिसेल.

मेहरूण

चकत्या महाग पडतात म्हणून कोणी साधा क्रिस्टल फोडायला जाईल, त्याच्यासाठी: एचसी-४९यू चा उंच डबा घ्या, आत गोल चकती असते. बुटक्या डब्यात पट्टी असते, तिचा उपयोग नाही. तळाची कड कानशीनं घासून डबा ओढा. इलेक्ट्रोड बहुतेक चांदीचे निघतात, प्लाझ्मात काळे पडतात, त्यामुळे ग्लिसरॉलच्या सरावापुरतेच वापरा. सील करायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, ते धातू खातं. न्यूट्रल क्युअरचं मिळतं.

गिरणाकाठ

शेवटचा प्रश्न, धुण्याचा. दोन नमुन्यांमध्ये काय करायचं? हायपोक्लोराइट टाकलं तर?

पांझरा

चकतीवर हायपोक्लोराइट नको, पातळ सोन्याची कड उचलली जाते. आधी सलाइन, मग २ टक्के एसडीएस (डिटर्जंट) दहा मिनिटं, मग भरपूर डिस्टिल्ड पाणी, शेवटी इथेनॉल, आणि हवेवर कोरडी. फायब्रिन चिकटलं असेल तर प्रोटीज असलेलं लॅबचं डिटर्जंट ३७ अंशांवर अर्धा तास. कापसानं घासू नका. धुतल्यावर पाण्याचं रीडिंग परत घ्या. रुंदी आधीच्या १० हर्ट्झच्या आत आली तरच पुढचा नमुना.

हायपोक्लोराइट वापरायचं ते उरलेल्या नमुन्यावर: १ टक्का, अर्धा तास. मग प्लास्टिकच्या ट्यूबा आणि टिप्स लाल पिशवीत, काच निळ्या डब्यात, सुया पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. आणि नमुने लॅबकडून घेताना नाव-नंबर काढलेलेच घ्या, कॉलेजच्या नैतिकता समितीचं पत्र आधी लावून. ते पत्र निघायला चकतीपेक्षा जास्त वेळ लागतो, उद्याच अर्ज द्या.